डाळ शिजवणारे पाणी

पाण्याची पारख करण्याच्या घरगुती कसोट्या यवतमाळ जिल्ह्यात आजही चालतात, आणि त्या अडाणीपणाच्या मुळीच नाहीत. तुरीची डाळ लवकर शिजली, साबणाला फेस आला, भांड्याच्या तळाशी पांढरा थर धरला नाही, जिभेला मचूळ लागले नाही, की ते पाणी चांगले. डाळ शिजत नसेल तर पाणी जड. रसायनशास्त्र या निरीक्षणाच्या बाजूने उभे राहते. जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीच्या दाण्यातल्या पेक्टिनला आवळून धरतात, म्हणून दाणा मऊ पडत नाही. तेच क्षार साबणाशी संयोग पावून त्याचा चोथा करतात. म्हणजे स्वयंपाकघरात चालत आलेली ही परीक्षा पाण्याच्या जडपणाची बरीच विश्वासार्ह नोंद घेते. अडचण अशी, की दात आणि हाडे बिघडवणाऱ्या फ्लोराइडच्या बाबतीत ती उलट दिशेला बोट दाखवते. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर फ्लोराइड त्याच्याशी बांधले जाते आणि फार वर चढू शकत नाही. कॅल्शियम कमी आणि सोडियम जास्त असलेल्या, चवीला मऊ, डाळ पटकन शिजवणाऱ्या पाण्यात त्याला मोकळे रान मिळते. प्रत्येक हलके पाणी फ्लोराइडचे असते असे नाही, आणि प्रत्येक जड पाणी निर्धोकही नसते. पण जीभ, डोळे, नाक आणि चूल यांपैकी कोणालाही फ्लोराइड ओळखता येत नाही, आणि चुलीची साक्ष तर कधी कधी नेमकी विषाच्या बाजूने पडते. म्हणून या प्रकरणात आग्रह एकाच गोष्टीचा आहे: यवतमाळसारख्या जमिनीत भूजलातल्या रसायनाची ओळख पंपाच्या तोंडाशी, प्रत्येक पंपाची वेगळी आणि रसायनाचे नाव घेऊन पटवली पाहिजे. ‘पाणी खराब आहे’ एवढ्याच निदानावर केलेला उपाय माणसाला एका विषापासून सोडवून दुसऱ्याच्या हाती देऊ शकतो.

हे इथेच का, याचे उत्तर खडकात आहे. जिल्ह्याचा बहुतेक भाग दख्खनच्या बेसॉल्टचा आहे. पूर्वेकडे वणी, मारेगाव, झरी जामणी, केळापूर या बाजूला बेसॉल्टचे आवरण विरळ होते आणि त्याखालचे कितीतरी जुने खडक वर येतात. वणीच्या कोळसाखाणी ज्या गोंडवन थरांत आहेत ते थर, आणि राजूरच्या चुनाभट्ट्यांना ज्याने दगड पुरवला तो चुनखडक, हे या जुन्या भूगर्भाचे दोन ओळखीचे पुरावे. खडकात फ्लोराइड थोडे थोडे असतेच. फ्लोरापेटाइट, काळे अभ्रक, हॉर्नब्लेंड अशा खनिजांच्या रचनेत ते बसलेले असते. नुसते खडकात असल्याने ते पाण्यात येत नाही. पाणी भेगांत वर्षानुवर्षे मुरत राहिले, हळूहळू अल्कधर्मी झाले, त्यातले कॅल्शियम कॅल्साइटच्या रूपाने वाटेतच खाली बसले किंवा चिकणमातीने ते स्वतःकडे घेऊन बदल्यात सोडियम सोडले, की मग फ्लोराइडला अडवणारा कोणी उरत नाही. त्यामुळे पाणी जितके जुने आणि जितके खोल, तितका संशय अधिक. पांढरकवडा परिसरातील भूजलावरचा एक अभ्यास २००७ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात काही नमुन्यांत लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमहून कमी फ्लोराइड होते, तर काहींत १३ मिलिग्रॅमच्याही वर. भारतीय मानक १ मिलिग्रॅमचे आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तरच १.५ पर्यंत सवलत. एकाच परिसरात मानकाच्या आतले आणि मानकाच्या तेरा पट पाणी शेजारी शेजारी सापडते, ही गोष्ट पुढच्या सगळ्या युक्तिवादाचा पाया आहे. अशा ठिकाणी ‘तालुक्याची सरासरी’ काढून कोणाच्याच घरातल्या हंड्याबद्दल काही कळत नाही.

वरच्या थरातले पाणी मग चांगले म्हणायचे का? तिथे दुसरे रसायन वाट पाहत असते. उघड्या विहिरीचे पाणी मुरूम आणि मांजऱ्या खडकाच्या वरच्या थरांतून येते. ते पावसाबरोबर दरवर्षी नवे होते, म्हणून त्यात फ्लोराइड साचायला वेळ मिळत नाही. पण त्याच पावसाबरोबर उकिरडा, गोठा, शोषखड्डे आणि शेतातला युरिया यांचे नत्र नायट्रेट होऊन खाली उतरते. नायट्रेटचे मानक लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, त्यात सवलत नाही, कारण दुधाची पावडर या पाण्यात कालवून पाजल्या जाणाऱ्या तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता ते कमी करते. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या वार्षिक गुणवत्ता अहवालात जास्त नायट्रेटच्या जिल्ह्यांत वर्धा, बुलढाणा, अमरावती यांच्याबरोबर यवतमाळचे नाव आहे. कापसाच्या पट्ट्यात हे अनपेक्षित नाही. पण यातून जे घडते त्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. विहिरीचे पाणी ‘खराब’ निघाले की गाव बोअर मागते, बोअरला पाणी कमी पडले की ती आणखी खोल नेली जाते, आणि नायट्रेट मागे पडत असतानाच फ्लोराइड जवळ येते. दोन्ही टप्प्यांवर कागदावरचा शेरा एकच असतो, ‘पिण्यास अयोग्य’, आणि त्या शेऱ्यातून पुढची दिशा कोणती हे कळत नाही.

खोल जाण्याचा हा निर्णय चुकीचा होता असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्राला कठीण खडकात बोअर घ्यायला भाग पाडले. हवेच्या दाबावर चालणाऱ्या रिग आल्या आणि त्यांच्यामागून हातपंप आले. आज देशभर दिसणारा ‘इंडिया मार्क टू’ हा पंप सत्तरच्या दशकात युनिसेफच्या पुढाकाराने आकाराला आला, पण त्याची पूर्वपिठिका जालना आणि सोलापूर इथे तयार झालेल्या पंपांत आहे. हे महाराष्ट्राचे देशाला दिलेले देणे क्वचितच कोणी आठवते. या पंपांनी उघड्या पायविहिरींवरचे अवलंबन कमी केले. ज्या नारूने पिढ्यान्पिढ्या लोकांना खाटेला खिळवले त्याचा देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये नोंदला गेला, आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारताला नारूमुक्त ठरवले. त्या यशात बंद, सुरक्षित बोअरचा वाटा मोठा आहे. जंतूंच्या दृष्टीने खोल पाणी खरेच स्वच्छ होते. चूक झाली ती दुसरीकडे: जंतूंपासून सुरक्षित म्हणजे सर्वस्वी सुरक्षित, असे धरले गेले, आणि पंप बसवताना पाण्यात काय विरघळले आहे हा प्रश्न दर पंपाला विचारला गेला नाही. ‘आमचे आजोबा हेच पाणी पीत होते’ हे वाक्य अशा गावांत नेहमी ऐकू येते. त्याला सरळ उत्तर आहे. आजोबा विहिरीचे पाणी पीत होते. गावाच्या खाली असले तरी ते दुसऱ्या थरातले, दुसऱ्या वयाचे पाणी होते.

न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर कोणतीही चाचणी देत नाही, याचे सर्वांत बोलके उदाहरण फ्लोराइडच्याच इतिहासात आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावात मुलांच्या दातांवर तपकिरी डाग का पडतात याचा शोध फ्रेडरिक मॅके हा दंतवैद्य १९०१ पासून घेत होता. पाण्यावर संशय होता, पाण्याची पृथक्करणे होत होती, पण नेहमीच्या यादीत फ्लोराइड नव्हतेच. आर्कान्सा राज्यातल्या बॉक्साइट या खाणगावातही तसेच डाग होते. तिथे १९०९ मध्ये उथळ विहिरी सोडून खोल विहिरींचे पाणी सुरू झाले होते, आणि त्याआधी वाढलेल्यांचे दात स्वच्छ होते. त्या गावाची मालकी असलेल्या अ‍ॅल्युमिनियम कंपनीचे मुख्य रसायनतज्ज्ञ एच. व्ही. चर्चिल यांनी या पाण्याची वर्णपटाच्या साहाय्याने तपासणी करून घेतली. त्या पद्धतीत काय शोधायचे हे आधी ठरवावे लागत नाही. जे आहे ते आपली रेघ उमटवते. फ्लोराइड निघाले, लिटरला १३.७ मिलिग्रॅम, आणि चर्चिल यांनी ते १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे सहाच वर्षांत, १९३७ साली, शॉर्ट, पंडित आणि राघवाचारी यांनी तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर जिल्ह्यातील हाडे आखडवणारा आजार फ्लोराइडचाच असल्याचे दाखवले. तीस वर्षे अडलेले कोडे योग्य प्रश्न हाती येताच दोन खंडांत सुटले. याच्या उलट उदाहरण बांगलादेशचे. १९९२ मध्ये ब्रिटिश भूवैज्ञानिक संस्थेने तिथल्या कूपनलिकांचे पाणी अनेक घटकांसाठी तपासले, पण त्या यादीत आर्सेनिक नव्हते. अहवाल वाचणाऱ्याला पाणी ठीक वाटले. पुढे त्या भूजलात आर्सेनिक असल्याचे कळून आले आणि हे प्रकरण ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत गेले. २००६ मध्ये दावा फेटाळला गेला, संस्थेवर कायदेशीर जबाबदारी ठरली नाही. कायद्याचा निवाडा काहीही असो, अहवाल वाचताना कोणत्या गोष्टी तपासल्याच नाहीत हे आधी पाहायला हवे, हा धडा त्या पानांत कायमचा नोंदला गेला आहे.

आता पंपाजवळ होणारी चाचणी नेमकी काय करते ते पाहू. फ्लोराइडच्या क्षेत्रीय किटमध्ये झिर्कोनियम या धातूला बांधलेला एक रंग असतो. पाण्यात फ्लोराइड नसेल तर गुलाबी-लाल छटा टिकते. फ्लोराइड असेल तर ते झिर्कोनियमला रंगापासून ओढून घेते आणि छटा उतरत जाते. उतरलेली छटा तक्त्याशी जुळवून आकडा वाचायचा. तत्त्व सुंदर आहे, पण रंग उतरवण्याची ताकद एकट्या फ्लोराइडकडे नाही. विहिरीत किंवा टाकीत नुकतीच जंतू मारणारी टीसीएल पावडर टाकली असेल तर उरलेला क्लोरीन रंग फिका करतो आणि नसलेले फ्लोराइड दिसू लागते. उलट, गढूळ पाणी निवळायला तुरटी फिरवली असेल तर तिच्यातले अ‍ॅल्युमिनियम फ्लोराइडला धरून ठेवते आणि असलेले फ्लोराइड कमी दिसते. वणी-मारेगावच्या खाणपट्ट्यात सल्फेट जास्त असले तर आकडा थोडा वर सरकतो. प्रमाणित द्रावण आणि नमुना यांचे तापमान वेगळे असेल तर छटा फसवते, आणि यवतमाळच्या मे महिन्यात रसायनाची बाटली कोणत्या खोलीत ठेवली होती यालाही महत्त्व येते. नमुना घेण्यातही चुका होतात. रात्रभर उभ्या पाइपात साचलेले पाणी आधी उपसून टाकावे लागते. जस्ताचा मुलामा दिलेल्या जुन्या लोखंडी पाइपातून गंजाचे तांबूस पाणी येते, त्याला लोक ‘विषारी’ समजतात, पण तो बहुधा पाइपचा गंज असतो आणि जमिनीखालच्या पाण्याबद्दल काही सांगत नाही. बाटली प्लॅस्टिकची हवी, कारण फ्लोराइड काचेशी हळूहळू संयोग पावते. आणि ती औषधाची किंवा खताची जुनी बाटली कधीही नको. या प्रत्येक चुकीवर उपाय आहे आणि तो महाग नाही: टीसीएल टाकण्याच्या आधी नमुना घेणे, आणि दर खेपेला एक शुद्ध पाण्याचा व एक ठाऊक प्रमाणाचा, समजा १ मिलिग्रॅमचा, नमुना बरोबर तपासणे. ठाऊक नमुन्याचा आकडा चुकला तर त्या दिवशीचे सगळे आकडे बाजूला ठेवायचे.

इथे प्रयोगशाळेची बाजू घेणारा वाचक विचारील, इतक्या ठिकाणी फसणारी चाचणी हवीच कशाला? प्रयोगशाळेत लँथॅनम फ्लोराइडच्या स्फटिकाचा इलेक्ट्रोड असतो. पाण्याची आम्लता योग्य पातळीवर आणणारे आणि अ‍ॅल्युमिनियमच्या तावडीतून फ्लोराइड सोडवणारे द्रावण घालून तो विद्युतदाब मोजतो. १९६६ मध्ये आलेली ही पद्धत आज जगभर मानली जाते. आक्षेप खरा आहे. १ आणि १.५ मिलिग्रॅममधला फरक डोळ्याने तक्त्याशी जुळवून ठामपणे सांगता येत नाही, आणि या पट्ट्यातल्या नमुन्यांवर किटच्या जोरावर निर्णय घेऊ नये. पण ज्या जिल्ह्यात आकडे अर्ध्यापासून तेरापर्यंत पसरलेले आहेत, तिथे बरेच पंप या अरुंद पट्ट्याच्या बाहेर पडतात. ०.३ आणि ४ यांत किटची चूक होत नाही. म्हणून किटने पंपांचे तीन ढीग करायचे: स्पष्ट कमी, स्पष्ट जास्त आणि शंकास्पद. शंकास्पद ढीग पुढे पाठवायचा, आणि उरलेल्या दोन ढिगांतलेही थोडे नमुने पडताळणीसाठी सोबत द्यायचे. मग प्रयोगशाळेचा अचूकपणा जिथे खरेच लागतो तिथे खर्ची पडतो. याला अनुभवाचा आधार आहे. आर्सेनिक कळून आल्यानंतर बांगलादेशात २००० ते २००३ या काळात सुमारे ५० लाख कूपनलिका क्षेत्रीय किटने तपासून लाल किंवा हिरव्या रंगवल्या गेल्या. सुमारे १४ लाख लाल निघाल्या. त्या किटच्याही चुका झाल्या, त्यांवर कडक टीका झाली. तरीही असंख्य कुटुंबांनी लाल नळी सोडून जवळची हिरवी धरली, कारण दूषित आणि निर्दोष नळ्या शेजारीच होत्या. थोड्या ठिकाणचे अचूक आकडे त्यांना हे सांगू शकले नसते. जिथे दूषण ठिपक्याठिपक्यांनी पसरलेले असते तिथे मोजणीची दाटी हीच अचूकता असते.

दाटीचा प्रश्न यवतमाळमध्ये सामाजिकही आहे, आणि मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक नमुने गोळा करतो, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा ते तपासतात, स्वच्छतेच्या सर्वेक्षणावरून पंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने प्रत्येक गावात पाच महिलांना किट वापरायला शिकवण्याची तरतूद केली. व्यवस्था कागदावर चांगली आहे. पण झरी जामणी, केळापूर, मारेगाव, घाटंजीकडचे कोलाम आदिवासी पोडावर, म्हणजे आपल्या वेगळ्या पाड्यावर, राहतात. पोड गावठाणापासून दूर, बरेचदा वेगळ्या उंचीवर, टेकडीच्या दुसऱ्या उताराला, आणि त्याचा हातपंप वेगळ्याच भेगेतून पाणी ओढतो. पुसद, दिग्रस, महागावकडे बंजारा तांड्यांचेही तसेच. गावाच्या नावाने गेलेला नमुना गावठाणातला असेल तर पोडाच्या पंपाबद्दल तो गप्प राहतो, आणि गावाचे कार्ड हिरवे होते. आणखी एक स्रोत कोणत्याच नोंदीत नसतो: शेतातली बोअर. निंदणाला, वेचणीला आलेल्या बाया दिवसभर तिथलेच पाणी पितात. घरी नळाला धरणाचे पाणी येत असले तरी त्यांच्या पोटात जाणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा शेतातला असतो. ‘नळयोजना झाली, आता हातपंपांची तपासणी कशाला?’ या आक्षेपाला हे उत्तर आहे. शिवाय अनेक नळयोजनांचा उगम स्वतःच विहीर किंवा बोअर असतो, आणि वीज नसली, मोटार जळली, उन्हाळ्यात उद्भव आटला, की गाव पुन्हा त्याच जुन्या पंपावर येते.

उन्हाचा हिशेब मानकात पुरता उतरत नाही, हेही इथे नोंदवले पाहिजे. फ्लोराइडचे नुकसान पाण्यातल्या प्रमाणावर नाही, शरीरात जाणाऱ्या एकूण मात्रेवर ठरते. ही गोष्ट गॅलेगन आणि व्हर्मिलियन यांनी १९५७ मध्येच सूत्रात मांडली: जितके हवामान उष्ण, तितके लोक पाणी जास्त पितात, आणि तितके पाण्यातले योग्य फ्लोराइड कमी धरावे लागते. दिवसभर उन्हात राबणारा माणूस पाच लिटर पाणी प्याला आणि त्यात लिटरला २ मिलिग्रॅम फ्लोराइड असले, तर १० मिलिग्रॅम पोटात गेले. सावलीत बसून दोन लिटर पिणाऱ्याला तेवढ्यासाठी ५ मिलिग्रॅमचे पाणी लागले असते. म्हणून विदर्भात १.५ च्या सवलतीवर समाधान मानू नये, १ हीच रेघ धरावी, असे माझे ठाम मत आहे. काही जण म्हणतात की लोकांच्या शरीरावरूनच कळते, वेगळी मोजणी नको. मुलांच्या कायम दातांवरचे खडूसारखे पांढरे किंवा तपकिरी पट्टे हा खरोखर उत्तम पुरावा आहे. पहिल्या सात-आठ वर्षांत मूल कोणते पाणी प्याले याची ती न पुसता येणारी नोंद असते. पण दात दिसेपर्यंत ती वर्षे निघून गेलेली असतात. कंबर आणि मान आखडायला लागली म्हणजे तर त्याहून बरीच. शाळेतल्या मुलांचे दात पाहून कोणत्या पोडावर आधी जायचे हे ठरवावे. पाणी तपासायला मात्र दातांवर डाग दिसण्याची वाट पाहू नये.

नाव घेऊन ओळख पटवण्याचा आग्रह कशासाठी, हे उपायांकडे पाहिले की स्पष्ट होते, कारण एकाचा उपाय दुसऱ्याला चालत नाही आणि कधी कधी बाधतोही. पाणी उकळले तर जंतू मरतात. फ्लोराइड आणि नायट्रेट मात्र जागेवर राहतात आणि वाफ गेल्यामुळे थोडे दाटच होतात. टीसीएल जंतूंवर चालते, विरघळलेल्या क्षारांवर तिचा काही परिणाम नाही. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे नीरीने, सत्तरच्या दशकात पुढे आणलेल्या नालगोंडा पद्धतीत तुरटी आणि चुना मिसळून फ्लोराइड खाली बसवतात. नायट्रेटला ती पद्धत शिवतही नाही. बोअर खोल नेल्याने नायट्रेट टळू शकते आणि फ्लोराइड गाठू शकते. आणि यातूनच अगदी स्वस्त असा एक मार्गही दिसतो: बोअरमध्ये फ्लोराइड चढलेले आणि गावच्या विहिरीत नायट्रेट मर्यादेत असेल, तर विहीर बांधून, झाकून, नियमित टीसीएल टाकून पिण्यासाठी वापरणे आणि बोअर धुण्याभांड्यांना ठेवणे. जंतू मारता येतात, फ्लोराइड मारता येत नाही. पण ही अदलाबदल करण्याआधी दोन्ही स्रोतांची दोन्ही रसायनांसाठी तपासणी लागते. पंपाला नुसता लाल रंग फासून दुसरी सोय न दाखवणे हे क्रौर्य आहे, असे जे म्हणतात त्यांच्याशी मी सहमत आहे. म्हणूनच चाचणी एका पंपावर थांबू नये, लाल पंपाच्या आसपास पिण्याजोगे पाणी कुठे आहे हेही तिने त्याच फेरीत शोधावे.

‘सगळ्यांना आरओ द्या, तपासणीच नको’ हा उपाय अलीकडे फार लोकप्रिय आहे. आरओचे पडदे फ्लोराइड आणि नायट्रेट दोन्ही बऱ्याच अंशी अडवतात, हे खरे. पण पडदा जुना झाला, फाटला, की पाणी दिसायला तसेच राहते. पडदा काम करतो की नाही हे पुन्हा तपासणीनेच कळते. शिवाय बरेच पाणी वाया जाते आणि त्या टाकाऊ पाण्यात फ्लोराइड अधिक दाट होऊन गटारातून पुन्हा जमिनीत मुरते. त्याहून घातक आहे ती या यंत्रांच्या विक्रीबरोबर पसरलेली खोटी परीक्षा. दोन धातूच्या दांड्या पेल्यात बुडवून वीज सोडतात, पाणी तपकिरी होते, आणि ‘बघा तुमच्या पाण्यातली घाण’ असे सांगितले जाते. तो रंग लोखंडी दांडीच विरघळून तयार होतो. क्षार जास्त तितकी वीज जास्त वाहते, इतकाच त्याचा अर्थ. खिशातला टीडीएस मीटरही एकूण क्षारच मोजतो, कोणते ते सांगत नाही. अकोला-अमरावतीच्या खारपाण पट्ट्यातले पाणी त्याच्यावर भयानक आकडा दाखवील, आणि ते जिभेलाही कळते. पण ४०० टीडीएसच्या गोड पाण्यात ४ मिलिग्रॅम फ्लोराइड सहज लपते. एकूण क्षारांच्या शंभराव्या हिश्शाइतके असल्याने मीटरच्या काट्याला ते जाणवत नाही. अशा मीटरवरून पाणी चांगले ठरवणारा माणूस डाळीवरून ठरवणाऱ्यापेक्षा पुढे गेलेला नसतो.

किटच्या मर्यादेची शेवटची आणि गंभीर बाब कीटकनाशकांची. २०१७ च्या पावसाळ्यात या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात गेले. ते विष श्वासातून आणि त्वचेतून गेले होते, पाण्यातून नव्हे; पण तीच औषधे त्याच शेतांत पडतात, फवारणीचे पंप त्याच विहिरीच्या कडेला धुतले जातात, आणि काळ्या जमिनीच्या उन्हाळी भेगा पहिल्या पावसाला वरचे पाणी थेट खाली नेतात. गावाच्या किटमध्ये यांच्यासाठी काहीही नाही. भारतीय मानकात मोनोक्रोटोफॉसची मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे फ्लोराइडच्या मर्यादेच्या हजाराव्या हिश्शाइतकी. एवढे सूक्ष्म मोजायला वायुवर्णलेखन किंवा द्रववर्णलेखनाला वस्तुमान-वर्णपटमापक जोडलेले मोठे यंत्र लागते आणि नमुना थंड ठेवून लवकर पोहोचवावा लागतो. ते प्रत्येक पंपाला करणे शक्य नाही आणि गरजेचेही नाही. कोणत्या विहिरी निवडायच्या हे मात्र किटवरून ठरवता येते. उथळ पाणी, नायट्रेट चढलेले, भोवती कापूस: अशा विहिरीत वरचे शेत खाली उतरते आहे हे नायट्रेटने आधीच सांगितलेले असते, आणि महागड्या तपासणीचा पहिला नमुना तिथूनच, फवारणीच्या हंगामातल्या मोठ्या पावसानंतर घ्यायला हवा. उन्हाळ्यात घेतलेल्या नमुन्यात ‘कीटकनाशक आढळले नाही’ असा शेरा आला तर त्याचा अर्थ फक्त त्या तारखेपुरता असतो. म्हणून प्रत्येक आकड्यासोबत तारीख, बोअरची खोली, पाण्याची पातळी, टीसीएल कधी टाकली होती आणि कोणत्या गोष्टी तपासल्या नाहीत, या पाच नोंदी पंचायतीच्या वहीत असाव्यात. आणि ती वही पोडावरच्या बाईला मागता आली, वाचून घेता आली पाहिजे.